तक्रार कॅडीची असो वा कॅप्टनची

गोल्फ क्लबातली तक्रार सहसा कागदावर येत नाही. शनिवारी राउंड संपवून मंडळी टेबलाभोवती बसली की कुणीतरी सेक्रेटरीला बाजूला घेतं आणि म्हणतं, "त्या अमक्याला जरा आवरा हो. आज परत कॅडीच्या अंगावर धावून गेला." सेक्रेटरी "बघतो" म्हणतो. अमका जुना मेंबर असतो, कधीकाळी कमिटीवर होऊन गेलेला असतो, त्यामुळे बघणं राहून जातं. पुढे केव्हातरी त्याच माणसाच्या हातून मोठा प्रकार घडतो, तातडीची मीटिंग भरते, आवाज चढतात आणि ठराव होतो, "काढूनच टाका त्याला." आधी काहीच न करणं आणि मग एका रात्रीत टोकाचं करणं, दोन्ही चुकीचं. दुसऱ्या चुकीपायी तर क्लब कोर्टात तोंडघशी पडू शकतो, कारण आधीच्या एकाही प्रकाराची नोंद नसते आणि मेंबरला बाजू मांडायची संधीही दिलेली नसते.

हा लेख कमिटीवर नव्याने निवडून आलेल्यांसाठी आहे, त्यातही ऑनररी सेक्रेटरी आणि कॅप्टन यांच्यासाठी. ज्यांना तक्रार करायची आहे किंवा ज्यांच्याविरुद्ध ती झाली आहे, त्यांनीही वाचावा. माझं म्हणणं एकच आहे. तक्रार कुणी केली आणि कुणाविरुद्ध केली, यावरून तिचा रस्ता बदलता कामा नये. कॅडीने माजी कॅप्टनविरुद्ध केलेली तक्रार त्याच रजिस्टरमध्ये, त्याच क्रमाने आणि तेवढ्याच मुदतीत चालली पाहिजे. ज्या क्लबात हे होत नाही तिथली शिस्तीची बाकी सगळी भाषा पोकळ आहे असं मी मानतो.

पहिलं काम लिहून घेण्याचं. तोंडी तक्रार ऐकून "बघतो" म्हणण्याऐवजी "दोन ओळी लिहून द्या, आजच नोंदवतो" म्हणा. निम्मे लोक तिथेच थांबतील आणि त्यात काही वावगं नाही, काहींना फक्त मन मोकळं करायचं असतं. जे लिहितील त्यांना कसं लिहायचं ते मात्र सांगावं लागतं. बहुतेक तक्रारी अशा येतात: "श्री. अमुक यांची वागणूक अत्यंत असभ्य असून त्यांनी क्लबची प्रतिष्ठा धुळीला मिळवली आहे. कडक कारवाई व्हावी." यावरून कमिटीने काय करायचं? आता हे वाचा: "रविवारी सकाळी साधारण साडेआठला आम्ही सातव्या टीवर होतो. पुढची चौकडी फेअरवेवर बॉल शोधत होती. ते लोक टप्प्यात असताना श्री. अमुक यांनी ड्राइव्ह मारला. 'फोर' अशी हाक दिली नाही. बॉल पुढच्या चौकडीतल्या एका कॅडीच्या खांद्याला लागला. मी त्यांच्यापासून पाच-सहा पावलांवर उभा होतो. टीवर आणखी दोन मेंबर होते, त्यांची नावं खाली दिली आहेत." यात एकही विशेषण नाही, आणि चौकशीला लागणारं सगळं आहे: वेळ, जागा, काय घडलं, स्वतः काय पाहिलं, आणखी कोण होतं. ऐकीव गोष्ट लिहायची असेल तर "असं मला अमक्याने सांगितलं" असं स्पष्ट लिहावं.

तक्रार हाती येताच आवक नोंद करा, तारखेसह पोच द्या आणि त्याच दिवशी पुरावा जपून ठेवा. स्टार्टरकडचा टी-टाइमचा तक्ता, कॅडी मास्टरची वही, बारचं बिल, स्कोअरकार्ड, सीसीटीव्हीचं चित्रण. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पुढच्या मीटिंगची वाट पाहत बसलात तर ते हातचं जाईल. निनावी पत्र आलं तर फाडून टाकू नका, पण त्यावरून कुणावर आरोपही ठेवू नका. ती फक्त माहिती आहे, तिच्यामागे जाऊन स्वतंत्र साक्षीदार मिळाला तर पुढचं. मेंबरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला संताप म्हणजेही तक्रार नव्हे. उलट तिथे नाव घेऊन आरोप करणारा बदनामीच्या कायद्यात अडकू शकतो, हे कॅप्टनने ग्रुपवर एकदा सगळ्यांना शांतपणे सांगून ठेवावं. कमिटीच्या माणसांनी चालू प्रकरणावर तिथे एक अक्षरही लिहू नये.

नोंद झाली की ठरवायचं, प्रकरण कुठल्या खात्यात मोडतं. गोल्फ क्लबात तीन खाती असतात: खेळाचे नियम, क्लबची शिस्त आणि देशाचा कायदा. कमिट्यांचा सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. वेटरला शिवी देणाऱ्याला स्पर्धेतून बाद करतात आणि प्रकरण मिटलं म्हणतात. स्कोअरकार्डावर चुकीचा आकडा लिहिणाऱ्याचं सदस्यत्व थेट निलंबित करतात. आणि पोलिसांकडे जायला हवं ते प्रकरण "क्लबातली गोष्ट क्लबात" म्हणून दाबतात. एकच प्रकार दोन खात्यांत मोडू शकतो, पण मग दोन्हीकडे स्वतंत्र निर्णय लागतो.

खेळाच्या नियमांचं खातं आधी घेऊ, कारण ते सर्वांत स्पष्ट आहे. आर अँड ए आणि यूएसजीए यांचे सुधारित नियम २०१९ पासून लागू झाले. त्यातला नियम १.२ खेळाडूच्या वर्तनाचा आहे. गंभीर गैरवर्तन झालं तर स्पर्धेची कमिटी खेळाडूला बाद करू शकते. त्याच वर्षी फेब्रुवारीत सौदी अरेबियातल्या युरोपियन टूरच्या स्पर्धेत सर्जिओ गार्सियाला याच नियमाखाली बाद केलं गेलं, त्याने रागाच्या भरात अनेक ग्रीन खराब केली होती. एवढ्या मोठ्या खेळाडूला लागू झालेला नियम आपल्या मासिक मेडललाही लागू होतो. पण यात एक अडचण आहे आणि ती फार कमी कमिट्यांना ठाऊक असते. क्लबने आपली आचारसंहिता आधी लिहून जाहीर केली नसेल, तर वर्तनासाठी बाद करण्यापलीकडे कुठलीच सौम्य शिक्षा कमिटीच्या हातात नसते. स्टिक फेकली, बंकर न सारवता पुढे गेला, उखडलेला डिव्हट बसवला नाही, ताकीद देऊनही गाडी ग्रीनजवळ नेली, अशा गोष्टींसाठी एक स्ट्रोक किंवा दोन स्ट्रोकचा दंड द्यायचा असेल तर नियम १.२बी प्रमाणे आचारसंहिता स्थानिक नियम म्हणून आधी लागू करावी लागते. मोसम सुरू होण्यापूर्वी हे एक पान लिहून पहिल्या टीजवळ लावा. वर्षभराच्या निम्म्या कटकटी तिथेच निकालात निघतील.

मंद खेळाच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात. त्यांना शिस्तभंगाच्या मार्गाने नेऊ नका. हरवलेला बॉल शोधायला तीन मिनिटं, आणि अडथळा नसेल तर स्ट्रोक चाळीस सेकंदांत मारावा ही नियमांतली शिफारस, एवढं मार्शलला पाठ असावं आणि चौकडीला पुढे काढायचा अधिकार त्याला लेखी दिलेला असावा.

स्कोअरची लबाडी मात्र नाजूक आहे, कारण या खेळात अंपायर पाठीशी नसतो आणि सगळी भिस्त खेळाडूच्या प्रामाणिकपणावर असते. होलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी लिहून कार्ड दिलं तर स्पर्धेतून बाद, हे नियमातच आहे, फक्त मोजायचा राहिलेला दंड खेळाडूला खरोखर ठाऊक नसेल तर वेगळी तरतूद आहे. म्हणून आधी विचारा, मार्करला विचारा, मग ठरवा. "चोर" हा शब्द कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. मोजताना चूक होणारी प्रामाणिक माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हेतुपुरस्सर लबाडी सिद्ध झाली तर ते क्लबच्या शिस्तीचंही प्रकरण होतं, तिथे नंतर येऊ. हँडिकॅप मुद्दाम वाढवून बक्षिसं नेणाऱ्यांबद्दल लोक वर्षानुवर्षं कुजबुजतात. त्यासाठी हँडिकॅप कमिटी आहे. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत ती हँडिकॅप बदलू शकते, न भरलेल्या राउंडसाठी दंडाचा स्कोअर घालू शकते आणि वारंवार किंवा जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याचा हँडिकॅप काढूनही घेऊ शकते. पण काढून घेण्याआधी त्या मेंबरला बोलायची संधी द्यावी लागते.

आता कॅडींविषयी. क्लबचं खरं रूप इथे दिसतं, म्हणून इथे मी थोडा थांबणार आहे.

आपल्याकडच्या बहुतेक क्लबांत कॅडी क्लबचा पगारी नोकर नसतो. तो सकाळी येतो, कॅडी मास्टरकडे नाव लावतो, नंबर लागला तर राउंड मिळतो, राउंड मिळाला तर त्या दिवसाचे पैसे. एखाद्या मेंबरविरुद्ध बोलला आणि कॅडी मास्टरने चार दिवस त्याचा नंबर मागे ढकलला, तर शिक्षा कॅडीलाच झाली, आणि कुठल्याही कागदावर तिचा पुरावा नाही. म्हणून "आमच्याकडे कॅडींची एकही तक्रार नाही" असं जे सेक्रेटरी अभिमानाने सांगतात, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कॅडी शेडमध्ये जाऊन बसावं. तक्रार नसण्याचं कारण तिथे कळेल.

कॅडीची तक्रार घ्यायची रीत वेगळी नको, पण तिला आधार वेगळा हवा. तो मराठीत किंवा हिंदीत बोलेल, त्याच भाषेत आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. "साहेबांचा पट चुकला. मी लाइन चुकीची दिली म्हणाले. हातातली स्टिक भिरकावली, ती माझ्या पोटरीला लागली. मी काही बोललो नाही, सेट उचलला आणि पुढच्या होलवर गेलो." हा जबाब असाच राहू द्या. त्याचं "सदर सदस्याने क्रीडासाहित्य निष्काळजीपणे हाताळले" असं करू नका, त्या वाक्यात पोटरी उरत नाही. लिहिलेलं त्याला वाचून दाखवा, मग सही घ्या. हे क्लब हाउसच्या बैठकीच्या खोलीत, पाच मेंबरांच्या समोर करू नका. सेक्रेटरी आणि एखादी कर्मचारी व्यक्ती पुरे. आणि त्याच दिवशी कॅडी मास्टरला लेखी सांगा की चौकशी पूर्ण होईपर्यंत या मुलाचा नंबर नेहमीप्रमाणे लागेल, आणि राउंडच्या वहीची प्रत दर आठवड्याला सेक्रेटरीकडे येईल. ज्या मेंबरविरुद्ध तक्रार आहे त्याच्या बॅगेवर त्याला पाठवू नये, हे वेगळं सांगायला नको.

दुखापत असेल तर औषधपाण्याचा खर्च क्लबने आधी करावा आणि जबाबदारी कुणाची हे नंतर ठरवावं. मेंबरने परस्पर दोन नोटा हातावर ठेवल्या म्हणजे तक्रार मिटली असं समजू नका. कॅडीने पैसे घेतले असतील तर त्याला दोष देऊ नका, त्याला घर चालवायचं असतं. पण क्लबचा नियम मोडला गेला आहे आणि तो प्रश्न मेंबर आणि क्लब यांच्यातला आहे.

वेटर, माळी, सुरक्षारक्षक, रिसेप्शनवरची मुलगी यांच्याबाबत हेच. बारमध्ये जास्त झालेल्या मेंबरला पुढचा पेग नाकारायचं काम वेटरवर टाकू नका. ड्यूटी मॅनेजरला तो अधिकार कमिटीच्या ठरावाने द्या, आणि त्याने नाकारलं तर दुसऱ्या दिवशी कमिटी त्याच्या पाठीशी उभी राहिली पाहिजे.

तिसरं खातं कायद्याचं. इथे कमिटीला निवड करायची मुभा नसते. स्त्रीच्या लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती शिस्त समितीकडे जात नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्या अध्यक्षस्थानी तिथली वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती. ती नेमलेली नसेल तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. कंत्राटी, रोजंदारीवरची किंवा एजन्सीमार्फत आलेली स्त्रीही यात येते, आणि तक्रारदार स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. छळ करणारा मेंबर असेल, म्हणजे क्लबचा नोकर नसेल, तर तिची इच्छा असल्यास फौजदारी तक्रारीसाठी तिला मदत करणं ही क्लबची जबाबदारी आहे. नावं गुप्त ठेवणं सक्तीचं आहे. ज्युनिअर कोचिंगमधल्या मुलाबाबत असा संशय आला तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, आणि माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी पालकांशी बोलू, मग कमिटीत ठेवू" असं म्हणायला इथे जागा नाही. कॅडीला किंवा कामगाराला चारचौघांत जातीवरून शिवी दिली गेली, तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा ठरू शकतो. कमिटीने मध्यस्थी करून "माफी मागा, हात मिळवा" म्हणणं म्हणजे पीडितावर दबाव आणणं आहे. त्याला त्याचा मार्ग सांगा, लागेल ती मदत करा आणि दूर व्हा.

उरलं ते क्लबच्या शिस्तीचं खातं. प्रकरणांची मोठी संख्या इथलीच: शिवीगाळ, धक्काबुक्की, थकलेली बिलं, दुसऱ्याच्या नावावर पाहुणे आणणं, मुद्दाम केलेली नासधूस. इथे कमिटीचा आधार एकच, क्लबची घटना आणि नियमावली. क्लब संस्था नोंदणी कायद्याखाली असो वा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली, मेंबर आणि क्लब यांचं नातं कराराचं आहे आणि नियमावली हा तो करार आहे. याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक सेक्रेटरीने वाचावा. तो गोल्फ क्लबाचा नाही, आपल्या शेजारच्या बेळगावातल्या फ्रीमेसन लॉजचा आहे: टी. पी. दावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया क्रमांक ३६३, बेळगाव. १९६३ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये तो छापलेला आहे. न्यायालयाने सांगितलं की सदस्याला काढायचं असेल तर नियमांत दिलेल्या पद्धतीनेच काढता येईल. दिवाणी न्यायालय अशा संस्थेच्या निर्णयावर अपील ऐकायला बसणार नाही, पण संस्थेने अधिकार नसताना, सद्‌भावना सोडून किंवा नैसर्गिक न्यायाची तत्त्वं डावलून निर्णय घेतला असेल तर तो रद्द करू शकेल. कमिटीने हे भीतीने वाचू नये. यात तिला संरक्षणही आहे, पद्धत सांभाळली तर निर्णय टिकतो.

पद्धत म्हणजे काय, तर पहिल्यांदा कारणे दाखवा नोटीस. तिच्यात आरोप असावा, निकाल नसावा. "आपण केलेल्या लाजिरवाण्या कृत्याबद्दल शिक्षा का देऊ नये" असं लिहिलंत की चौकशी सुरू होण्याआधीच बिघडली. लिहायचं ते असं: "दिनांक अमुक रोजी सातव्या टीवर घडलेल्या प्रकाराबाबत तक्रार आली आहे. तक्रारीची व जबाबांची प्रत सोबत आहे. त्यात नमूद केलेली गोष्ट खरी असल्यास नियम क्रमांक अमुकचा भंग होतो. आपला लेखी खुलासा चौदा दिवसांत द्यावा. समक्ष म्हणणे मांडायचे असल्यास तसे कळवावे." किती दिवस द्यायचे ते नियमावलीत असेल तर तेवढेच, नसेल तर चौदा दिवस वाजवी आहेत.

दुसरी गोष्ट, निर्णय कोण देणार. तक्रारदार, साक्षीदार आणि आरोप असलेल्याच्या नेहमीच्या चौकडीतले भिडू, यांपैकी कुणीही चौकशीच्या टेबलावर बसू नये. लहान क्लबात सगळेच एकमेकांबरोबर खेळतात हे मला माहीत आहे. तरी तीन माणसं अशी सापडतात. प्रकरणाशी संबंध असलेला कमिटी सदस्य मतदानाच्या वेळी खोलीबाहेर गेला, ही ओळ इतिवृत्तात असलीच पाहिजे. सुनावणीत मेंबरला साक्षीदाराला प्रश्न विचारायची संधी द्या, पण साक्षीदार कॅडी असेल तर प्रश्न अध्यक्षांमार्फत जाऊ द्या.

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या मेंबरलाही माझं सांगणं आहे. तक्रारदाराला फोन करू नका, मध्यस्थ पाठवू नका, कॅडी शेडकडे फिरकू नका. तुमचा हेतू चांगला असला तरी तो दबावच ठरतो. कागद मागून घ्या, जेवढं खरं आहे तेवढं मान्य करा, बाकीचं मुद्देसूद नाकारा. मनापासूनची माफी शिक्षा कमी करायला पुरेसं कारण ठरते, आणि ती कॅडीला समोरासमोर मागितलेली असावी, त्याची तयारी असेल तरच.

शिक्षा नियमावलीत आहे तेवढीच देता येते. दंडाची तरतूद नसेल तर दंड नाही. लेखी समज, ठरावीक मुदतीचं निलंबन, नुकसानभरपाई, आणि शेवटी सदस्यत्व रद्द करणं, हा नेहमीचा चढता क्रम. निलंबनाच्या आदेशात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कुटुंबीयांना क्लब वापरता येईल का, त्या काळातली वर्गणी भरायची का, पाहुणा म्हणून दुसऱ्याबरोबर येता येईल का. या राहून गेल्या की नवा वाद सुरू होतो. चौकशी चालू असताना तात्पुरतं निलंबन नियमांत असेल आणि खरोखर धोका असेल तरच करा. निर्णयाची कारणं लिहा, दोन परिच्छेद पुरतात. अपील कुठे आणि किती दिवसांत, हे त्याच पत्रात सांगा. नोटीस बोर्डावर नाव लावायची घाई करू नका. स्टार्टर, बार आणि रिसेप्शन यांना माहिती हवी, तेवढ्यांनाच द्या.

आणि तक्रारदाराला निकाल कळवा. निम्म्या क्लबांत हे राहून जातं. मेंबरला शिक्षा झाली की नाही हे कॅडीला इतर कॅडींकडून कळतं, तेही अर्धवट. सेक्रेटरीने त्याला बोलावून, त्याच्या भाषेत, स्वतः सांगावं: काय सिद्ध झालं, काय झालं नाही, काय केलं. तक्रार सिद्ध झाली नसेल तर तेही सांगावं, आणि तिच्यापायी त्याचा नंबर मागे जाणार नाही हे पुन्हा सांगावं. वार्षिक सभेनंतर नवी कमिटी आली की तक्रारींचं रजिस्टर यादी करून, सह्या घेऊन तिच्या हवाली करा, आणि वर्षभर आपल्याकडे आलेली राउंडच्या वहीची पानंही त्याच फाइलमध्ये लावून द्या.